मागच्या सीटवरचा डाग

मी अँबॅसडर गाडीची मागची सीट बोलतेय. उभे का? बसा की! गाडी कुठे दिसत नाही म्हणून संकोचू नका. ती भंगारात गेली, मी राहिले. धुळ्याला देवपुरात अभिमन ड्रायव्हरच्या ओट्यावर आता माझा मुक्काम असतो. सकाळी ऊन, दुपारी कडुलिंबाची सावली, संध्याकाळी गप्पा मारणारे चारजण. आणखी काय पाहिजे?

फक्त बसताना त्या उजव्या अंगाच्या डागाला बघून दचकू नका. बशीएवढा आहे, तांबूस काळा. नवा माणूस आला की आधी त्याच्याकडे बघतो आणि मग हळूच डावीकडे सरकून बसतो. मला हसू येतं. पण एके काळी याच डागापायी एका मुलीची पाठवणी माझ्यावरून व्हायची जवळजवळ राहिलीच होती, आणि एक भला माणूस माझ्यावर डोकं टेकून रडला होता. सांगते ना सगळं, घाई कसली आहे तुम्हाला?

माझा जन्म जळगावचा. रावेरकडचे निंबा नाना म्हणून एक केळीचे बागायतदार होते. त्यांनी नवी कोरी गाडी घेतली, तेव्हा तिला रेक्झिनची सीट होती. मे महिन्यात नाना बाजाराला गेले, गाडीतून उतरले आणि धोतर सीटला चिकटून मागेच राहिलं. भर बाजारात! नानांनी कसंबसं सावरलं, पण बाजाराचं हसणं त्यांच्या कानात राहिलं. दुसऱ्याच दिवशी गाडी जळगावला कारागिराच्या दारात उभी.

"अस्सल कातड्याची सीट कर," नाना म्हणाले. "चिकटायला नको म्हणजे नको."

कारागिराने चांगलं कमावलेलं, बदामी रंगाचं कातडं निवडलं. आत स्प्रिंगा, त्यावर काथ्या, त्यावर कापूस आणि सगळ्यांच्या वर मी. टाके इतके बारीक की मुंगीला शिरायला वाट नाही. गावात माझ्यासारखी सीट दुसरी नव्हती. पोरंटोरं काचेला नाक लावून मला बघायची. मीही जरा फुगूनच बसायचे, खोटं कशाला बोलू?

पण माणसं सीटवर नुसती बसत नाहीत, बरं का. काही ना काही ठेवून जातात. कुणी पानाची पिचकारी खिडकीबाहेर टाकतो, निम्मी आत येते. कुणी जेवून आला की बोटं हळूच मांडीखाली माझ्यावर पुसतो आणि वर साळसूद चेहरा करून बाहेर बघतो. त्याला वाटतं, कुणी पाहिलं नाही. अरे बाबा, मी आहे ना! थंडीत नानांच्या शेतात भरिताची पंगत बसली की परतताना पाहुणे म्हणायचे, हात धुतले. कुठे धुतले ते मला माहीत.

आणि एकदा तो दिवस आला. नाना बऱ्हाणपूरला व्याह्यांकडे निघाले होते. रिकाम्या हाताने कसं जायचं? बागेतला जाडजूड घड कापला आणि गडीमाणसाने तो तसाच आणून माझ्यावर आडवा ठेवला. देठाचा ताजा कापलेला भाग माझ्या उजव्या अंगावर आला. त्यातून चीक गळत होता. केळीचा चीक तुम्ही पाहिलाय? पहिल्यांदा अगदी पाण्यासारखा असतो. कुणाला दिसला नाही. मलाही काही कळलं नाही. उन्हाच्या तापात गार गार लागलं, बरं वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिथे पिवळट छटा आली. मग तपकिरी झाली. आठवडाभरात तांबूस काळा डाग उठला, तो हाच. मी घाबरले. आता नाना ओरडणार, गड्याला बोलणार! नानांनी दार उघडलं, पाहिलं, नुसतं "हं" म्हणाले आणि त्यावरच बसले. त्यांच्या घरात डाग नसलेलं कापड फक्त देवाच्या अंगावर असायचं. धोतरं, लुगडी, पिशव्या, पोरांची दप्तरं, सगळ्यांवर हाच चीक. मग माझ्यावर पडला तर काय बिघडलं?

नाना थकले, तेव्हा गाडी जळगावच्या एका डॉक्टरांनी घेतली. डॉक्टर भले होते, पण विसरभोळे. खिशातलं शाईचं पेन उघडंच ठेवून दुपारी माझ्यावर आडवे व्हायचे. निळा डाग त्यांचा. चिकाचा डाग त्यांनी एकदा वाकून पाहिला आणि आपलंच कुठलं तरी औषध सांडलं असेल असं समजून गप्प बसले. पुढे ते मुलाकडे बडोद्याला राहायला गेले आणि गाडी विकायला निघाली.

आता आमच्या अभिमनची गोष्ट सुरू होते, नीट ऐका.

अभिमन देवपूरचा. उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेला. व्यापाऱ्याची गाडी चालवली, मिलवाल्याची चालवली, पुढाऱ्याची चालवली. दुसऱ्याच्या गाडीला इतकं जपायचा की मालकालाच लाज वाटावी. त्याची थोरली बहीण वच्छलाबाई पिंपळनेरला दिलेली, आणि तिची मुलगी मंदा ही अभिमनची लाडकी भाची. लहानपणी मंदा सुट्टीत मामाकडे आली की मालकाच्या गाडीभोवती घिरट्या घालायची. आत बसायची परवानगी नव्हती. मालकाची गाडी! एकदा ती गाल फुगवून म्हणाली, "मामा, मी तुनी गाडीम्हा बसीसन सासरले जासू."

तुझ्या गाडीत बसून सासरी जाईन, म्हणे! अभिमनकडे तेव्हा सायकल होती. तो हसला आणि म्हणाला, "जाशील, बेटा." हसला खरा, पण ते त्याच्या मनात घर करून राहिलं. पोरीला शब्द दिला होता ना.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात मंदाचं लग्न ठरलं. नवरदेव रावेरकडचा. बातमी कळली आणि अभिमन जळगावला आला, डॉक्टरांच्या गाडीपाशी. लोक जुनी गाडी घेताना टायरला लाथ मारतात, बॉनेट उघडून आत डोकं घालतात. याने आधी मागचं दार उघडलं आणि माझ्यावर तळहात दाबून पाहिला. "इथं मंदा बसणार," असं काहीतरी पुटपुटला. मी त्याच क्षणी त्याची झाले. मला कुणी त्याआधी असं नीट हात लावून विचारलं नव्हतं.

डाग त्याला दिसले. सगळेच दिसले. पण नव्या गाडीच्या आनंदात माणसाला सगळं सोपं वाटतं. "निघतील," तो म्हणाला, आणि मला घेऊन धुळ्याला आला.

देवपुरात गाडी उभी राहिली आणि आख्खी गल्ली गोळा झाली. अभिमनची बायको प्रमिलाबाई आरती घेऊन आली. तिने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला आणि मग आत डोकावून पाहिलं. "अगं माय वं!" ती म्हणाली. "हाई सीट शे का पत्रावळ?"

मला राग आला, पण बाई कामाची निघाली. अभिमनने आधी स्वतः हात घातला होता. घातला म्हणजे काय, रॉकेलचं फडकं घेऊन मला रगडायला बसला. अंगाची लाही लाही झाली! माझं कातडं कोरडं पडलं आणि गाडीला स्टोव्हचा वास लागला. प्रमिलाबाईने त्याच्या हातातलं फडकं हिसकावलं. "तुमले काय कळस? दूर व्हा."

मग तिने प्रत्येक डागाला त्याच्या त्याच्या परीने घेतलं. भरिताच्या तेलावर दादरीचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचं, पीठ चोळून उन्हात ठेवलं. पिठाने तेल ओढलं, संध्याकाळी झटकलं की दुसरं पीठ. दोन-तीनदा केलं आणि डाग गेला. शाईवर दुधात भिजवलेलं फडकं धीराने टिपत बसली. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. शाई पुसट झाली. पानाच्या डागाला कोमट पाणी आणि थोडा साबण, लगेच कोरडं पुसून घ्यायचं. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवला. माझ्या रॉकेलने भेगाळलेल्या अंगाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अभिमन बाजूला उभा राहून बायकोकडे असा बघत होता, जसं लग्नाच्या दिवशीही बघितलं नसेल.

पण चिकाचा डाग? तो ढिम्म हलेना. पीठ झालं, दूध झालं, दही झालं, चिंच झाली. उलट बाकीचे डाग निघाल्यावर तो एकटाच उठून दिसू लागला. प्रमिलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हाऊ कसाना शे?" कसला डाग आहे हा, तिला कळेना. धुळ्याकडे कापूस बघितलेला, भुईमूग बघितलेला, मिरची बघितलेली. केळी बघितली ती बाजारात पिकलेली, फणीने विकत घेतलेली. ताज्या घडाचा चीक तिच्या बापजन्मी कधी तिच्या पदराला लागला नव्हता. मी आतून ओरडत होते, अगं बाई, चीक आहे, चीक! पण सीटचं ऐकतो कोण?

आणि इथेच चिंधा आबा आले.

चिंधा आबा शेजारचे, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले हवालदार. मिशा अजून ड्युटीवर. गल्लीत कुणाचं मांजर हरवलं तरी आबा जागेची पाहणी करायचे. ते कंदिलासारखी मान पुढे काढून आत वाकले, डोळे बारीक केले, चष्मा चढवला, चष्मा उतरवला. मग म्हणाले, "लिंबू आण."

लिंबू चोळलं. डाग जिथल्या तिथे.

"गेरू असता तर उतरता," आबा म्हणाले. "गंज असता तर लिंबानं जाता. पानाचा असता तर प्रमिलानं काढला असता. आता उरलं काय? गाडी कुणाची होती?"

"डॉक्टरची," अभिमन म्हणाला.

"हं!" आबांनी मिशीवर हात फिरवला. "म्हणजे अपघातातला पेशंट. मागच्या सीटवर घालून आणला. दवाखान्यात पोचलाच नसणार. मी जन्मभर पंचनामे केलेत, अभिमन. हाई रगत शे."

काय म्हणावं या माणसाला! अहो, माझ्यावर कुणी मेलं नाही. माझ्यावर डॉक्टर घोरलेत, नाना भांडलेत, पाहुण्यांनी भरीत पुसलंय, पण मेलं कुणी नाही! पण आबांचं म्हणणं म्हणजे गल्लीत शिक्कामोर्तब. अभिमनचा चेहरा पडला. त्याने हात जोडले. "आबा, कोणले सांगू नका."

"छे! माझ्या पोटात राहील," आबा म्हणाले.

राहिलं हो, चहा होईपर्यंत राहिलं. संध्याकाळी पांझरेच्या पुलावर लोक त्याबद्दल बोलत होते. दुसऱ्या दिवशी ती बातमी एस.टी.त बसून साक्रीमार्गे पिंपळनेरला पोचली, आणि पोचेपर्यंत तिच्यात एकाचे दोन मेलेले झाले होते.

आठवड्याच्या आत वच्छलाबाई देवपुरात. आली, पाणीही प्यायली नाही, थेट गाडीपाशी गेली. मागचं दार उघडलं. डाग पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"भाऊ," ती अभिमनला म्हणाली, "तू राग मानू नको. पण रगतना डागवर मनी पोर बसाडू का मी? पहिल्या पावलाला?"

प्रमिलाबाई मधे पडली. वन्सं, आम्ही कव्हर घालतो, नवं घालतो, मखमलीचं घालतो. वच्छलाबाईने मान हलवली. "वरून झाकलं म्हणजे खालचं जातं का वहिनी? व्याह्यांना कळलं तर काय म्हणतील? पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

तिचंही चूक नव्हतं. आईचं काळीज आहे ते. मला तिचा राग आला नाही, चिंधा आबांचा आला.

"तुनं बठ्ठं खरं शे, अक्का," अभिमन शेवटी म्हणाला. "दुसरी गाडी बघू मंदासाठी. मी माझी घेऊन येतो, सामानाला होईल."

बहीण गेली. अभिमन गाडीत मागे येऊन बसला. आपल्याच गाडीत मागे तो पहिल्यांदाच बसला होता. मग वाकला, माझ्या पाठीवर कपाळ टेकलं आणि रडला. मिशा असलेला माणूस हमसून हमसून रडला हो! ते पाणी माझ्यात मुरलं. त्याचा डाग पडला नाही, पण ते कुठे मुरलं ते मला आजही बरोबर सांगता येतं.

मंदाने मामाला निरोप पाठवला होता, मी तुझ्याच गाडीत जाईन, आई काही म्हणो. अभिमनने उलट निरोप पाठवला, लग्नात आईशी वाद घालू नको.

लग्न वैशाखात, पिंपळनेरला. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. आम्ही सकाळीच पोचलो. माझ्यावर जाड गोधडी अंथरलेली, चारी बाजूंनी खोचलेली. वर भांड्यांच्या टोपल्या, बुंदीचे डबे. नवरीसाठी दुसरी गाडी भाड्याने आणली होती, फुलांच्या माळा घालून ती मांडवासमोर मिरवत होती. तिची रेक्झिनची सीट होती. मला कुणी विचारू नका तेव्हा काय वाटलं ते.

वऱ्हाड बसने आलं आणि शाळेत जानोशाला उतरलं. शाळा गावाच्या एका टोकाला, मांडव दुसऱ्या टोकाला. बँड लागला, नवरदेव घोड्यावर बसला, वऱ्हाड नाचत निघालं. मागे एक म्हातारी बाकावर बसून राहिली. नवरदेवाची आजी, धुरपदाबाई. गुडघ्यांनी संप केलेला, वर हे ऊन.

"आजीला गाडीत आणा," कुणीतरी म्हणालं. फुलांची गाडी माळांसकट बँडच्या मागे गर्दीत अडकली होती. सामान उतरवून रिकामी झालेली होती ती एकच, आमची.

वच्छलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर व्याह्यांच्या म्हातारीचा अपमान, हो म्हणावं तर डाग! ती धावत आली, भावाच्या कानाशी कुजबुजली, "गोधडी निघू देऊ नको," आणि शाळेपाशी आजीला बसवल्यावर स्वतःच तिच्या शेजारी चढून बसली. बरोबर उजव्या बाजूला. डागावर! मी मनात म्हटलं, घ्या. ज्या डागावर पोरीला बसवणार नव्हती, त्याच्यावर आईच बसली.

गाडी निघाली. आत भट्टी. धुरपदाबाई पदराने वारा घेत होती. अर्ध्या वाटेत तिने गोधडीला हात लावला. "उन्हायात गोधडी कोन आथरते बाप्पा?" आणि वच्छलाबाई नको नको म्हणेपर्यंत तिने आपल्या बाजूची गोधडी ओढून पायाशी टाकली. वच्छलाबाई उरलेल्या गोधडीवर घट्ट दाबून बसली. म्हातारी म्हणाली, "जरा तिकडी सरका, विहीणबाई." वच्छलाबाई इकडची तिकडे हलेना. घामाने निथळतेय, हसू ओठावर चिकटवलंय आणि जागची हलेना. पुढे अभिमनचे कान लाल झालेले मला दिसत होते.

मांडव आला. विहिणींना ओवाळायला बायका दाराशी आल्या. आता उतरायलाच हवं होतं. वच्छलाबाई उठली आणि तिच्या पातळाबरोबर गोधडीही सरकली.

धुरपदाबाईची नजर डागावर गेली. प्रमिलाबाईच्या हातातलं ताट तिरपं झालं. चिंधा आबाही तिथेच होते, डोक्याला फेटा बांधून. त्यांनी डोळे मिटून घेतले.

म्हातारीने वाकून पाहिलं. नखाने खरवडलं. नाक खाली नेलं. मग मान वर केली आणि तिच्या सगळ्या सुरकुत्या हसल्या.

"माय वं! हा त केयीचा चीक व्हय!"

कुणाला काही समजेना. "चीक?" वच्छलाबाईने विचारलं. "रगत नाही?"

"रगत? कोनाचं रगत?" धुरपदाबाईने मांडीवरची कापडी पिशवी उचलून सगळ्यांसमोर धरली. पान-सुपारीची जुनी पिशवी. तिच्या तळाशी डाग होता, तांबूस काळा, माझ्यावरचा तसाच. "हे पहा. धुतली, उकयली, आपटली. पिशवी फाटीन, चीक नही जायाचा. ज्याच्या धोतरावर हा डाग नही, त्याले आमच्याकडी कोनी पोरगी देत नही! म्हनतात, याची बागच नसीन."

मग ती अभिमनकडे वळली. "गाडी आमच्या तिकडची दिसते, बाप्पा."

"हो आजी," अभिमन म्हणाला.

हसण्याचा जो स्फोट झाला, त्यात बँड ऐकू येईना! बायका हसल्या, पुरुष हसले, वच्छलाबाई पदरात तोंड घालून रडत होती की हसत होती तिलाच ठाऊक. कुणीतरी ओरडलं, "आबा, पंचनामा बदला!" चिंधा आबांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं, संशयित आहे म्हणून." त्यांना त्या दिवशी जेवणात केळ्याची शिकरण दोनदा वाढली, मुद्दाम.

धुरपदाबाईने काठी टेकून फर्मावलं, "माह्या नातसुनंले याच गाडीत न्या." फुलांच्या माळा त्या गाडीवरून काढून आमच्या गाडीवर आल्या. वच्छलाबाईने गोधडी स्वतःच्या हाताने ओढून काढली, घडी घातली आणि भावाला म्हणाली, "चुकलं रे मनं." अभिमनने तिला पुढे बोलू दिलं नाही. तो हापशावर गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला, नुसता मारत राहिला.

दुपार कलल्यावर मंदा आली. हातात हिरवा चुडा, अंगाला हळद, डोळे सुजलेले. तिने बसण्याआधी त्या डागावर हात फिरवला, मामाकडे पाहिलं आणि हसली. मग बरोबर त्याच्यावर बसली. अभिमनने दार लावलं. किती हळू लावलं, तुम्ही ऐकायला पाहिजे होतं. दुसऱ्यांच्या गाड्यांची दारं त्याने जन्मभर लावली, पण असं एकही लावलं नव्हतं.

साक्री गेली, धुळं गेलं, पांझरेचा पूल मागे पडला, जळगाव आलं. मंदा रडायची, थांबायची, परत रडायची. भुसावळ सोडलं आणि खिडकीतून ओलसर, गार वारा आत आला. केळीच्या बागा! मी तो वास ओळखला. ती सासरी चालली होती आणि मी माहेरी. कुणाला सांगणार? मलाही जरा भरून आलं, स्प्रिंगा कुरकुरल्या असतील. अभिमनला वाटलं, रस्ता खराब आहे.

मंदाच्या हळदीचा पिवळा ठसा माझ्यावर राहिला. प्रमिलाबाई फडकं घेऊन आली तेव्हा अभिमनने तिचा हात धरला. "राहू दे." पण हळद आमच्या धुळ्याच्या उन्हापुढे किती टिकणार? उन्हाने ती हळूहळू चाटून पुसून नेली. अभिमनला वाईट वाटलं. मी म्हटलं, जाऊ दे, जायचे ते डाग जातात.

पुढे गाडीने खूप नवऱ्या नेल्या. देवपुरात म्हणायचे, अभिमनच्या गाडीत बसलेली पोरगी सुखात नांदते. डागावर बसायला मुली मुद्दाम हट्ट करायच्या. मग इंजिन थकलं, पत्रा गंजला, गल्लीत नव्या पांढऱ्या जीपा आल्या. पंच्याण्णवच्या सुमारास गाडी भंगारात गेली. अभिमनने भंगारवाल्याला सगळं दिलं, मला दिलं नाही. दोन विटांच्या ओळींवर ओट्यावर मांडलं.

आता माझ्या कडा उसवल्यात. एक स्प्रिंग वर आलीय, डावीकडे बसलात तर टोचेल, आधीच सांगते. प्रमिलाबाई अजून वर्षाकाठी खोबरेल तेलाचा हात फिरवते. मधे कुणीतरी म्हणालं, हिच्यावर निळं रेक्झिन चढवून घ्या, डाग झाकला जाईल. रेक्झिन! निंबा नानांनी ऐकलं असतं तर धोतर सावरून पळाले असते. अभिमनने त्या माणसाला चहा दिला आणि विषय बदलला.

माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. कुणाच्या अंगावर डाग दिसला तर पुसायला धावण्याआधी आणि नावं ठेवण्याआधी जरा विचारा, बाई, हा कसला? आमच्या आबांसारखं करू नका. अर्थात आबाही संध्याकाळी माझ्यावरच येऊन बसतात, डागावर. मी काही मनात धरलेलं नाही.

परवा आखाजी झाली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मंदा दर वर्षी आधी मामाकडे उतरते आणि मग पिंपळनेरला जाते. यंदाही रिक्षा थांबली, मंदा उतरली आणि मागून रिक्षावाल्याने घड उतरवला. तिच्या स्वतःच्या बागेतला, पहाटेच कापलेला, हिरवागार, देठ अजून ओला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि ओट्याची पायरी चढून माझ्याकडे आली.

अभिमन आतून ओरडला, "मंदे, खाली फडकं टाक पहिले! सीटले चीक लागी!"

"लागू दे, मामा," ती म्हणाली, आणि घड तसाच माझ्यावर आडवा ठेवला.

गार गार लागलं. फार बरं वाटलं.